शिष्यवृत्ती मिळाली, टिकणार काय?

सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली भागांत खानदेशातून पोटासाठी आलेली असंख्य मराठी कुटुंबे राहतात. त्यांच्या मुलांना गुजरात शासनाने २०१५ साली सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेचा मोठा आधार आहे. बारावीला ८० पर्सेंटाइल आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत असल्यास ठरावीक मर्यादेत निम्मे शिक्षणशुल्क मिळते.

परंतु खरी कसोटी दुसऱ्या वर्षी लागते. मदत चालू राहण्यासाठी ७५ टक्के हजेरी व ५० टक्के गुण हवेत. नूतनीकरणाचा अर्जही वेळेत करावा लागतो. जो विद्यार्थी रात्री यंत्रमागावर उभा राहून घरखर्चास हातभार लावतो, त्याचीच सकाळची हजेरी बुडते. म्हणजे ज्याला गरज अधिक, तोच मदत गमावतो! अटी अन्याय्य आहेत असे आम्ही म्हणत नाही; सार्वजनिक पैशाला हिशेब हवाच. मात्र हजेरी घटू लागताच महाविद्यालयाने विद्यार्थ्यास व पालकांस सावध करावयास नको काय?

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला गेले. तिची मुदत संपल्यामुळे १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. १९२० साली पुन्हा जाऊन त्यांनी तो पुरा केला. तेवढे बळ प्रत्येकापाशी नसते. म्हणून हाती आलेली मदत सुटू न देणे हे विद्यार्थ्याइतकेच महाविद्यालयाचेही कर्तव्य होय.