हात लावून पाहण्याचा प्रयोग

विद्यार्थी मित्रहो, पदार्थविज्ञान शिकवणारा मनुष्य चेटकिणींवर लिहायला बसला, याचे तुम्हाला नवल वाटेल. पण ज्या खटल्यांविषयी मी सांगणार आहे, त्यांत एक 'प्रयोग' झाला होता आणि त्याला आमच्याच विषयाचा आधार दिला गेला होता.

साल १६९२. मॅसॅच्युसेट्स ही उत्तर अमेरिकेतील इंग्रजांची वसाहत, आणि तिच्यातले गाव सेलम (आपल्या तमिळनाडूतले सेलम वेगळे). वस्ती प्युरिटन पंथाच्या कडव्या धर्मनिष्ठ लोकांची. तेथील धर्मोपदेशकाच्या घरातील ९ व ११ वर्षांच्या दोन मुलींना झटके येऊ लागले. वैद्याने करणीचा संशय घेतला, आणि मग एकेकाचे नाव पुढे येऊ लागले. दीडशेहून अधिक लोकांवर आरोप झाले. १९ जण फासावर गेले, एका म्हाताऱ्याचा अंगावर दगड रचून जीव घेतला, काही तुरुंगातच वारले.

पुरावा काय होता? 'हिचे छायारूप येऊन मला चिमटे काढते,' असे मुलीने सांगायचे. ते रूप दुसऱ्या कोणाला दिसत नसे! शिवाय आरोपीची नजर पडली की मुली कोसळत. मग आरोपीला मुलीच्या अंगाला हात लावायला सांगत. मुलगी शांत झाली की आरोप पक्का. काही न्यायाधीश याचे 'शास्त्रीय' स्पष्टीकरणही देत. नजरेतून विषारी सूक्ष्म कण मुलीत शिरतात आणि स्पर्शाने ते परत आरोपीच्या देहात जातात, हे म्हणे देकार्तच्या तत्त्वज्ञानाला धरून होते. न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' निघून तेव्हा पाच वर्षे झाली होती, हे ध्यानात घ्या.

बॉस्टनच्या टॉमस ब्रॅटलने १६८० चा धूमकेतू काळजीपूर्वक पाहिला होता. ती निरीक्षणे न्यूटनलाही उपयोगी पडली. १६९२ च्या ऑक्टोबरात त्याने एका पत्रात साधा प्रश्न विचारला. नजरेत विष असेल, तर ते याच मुलींना कसे बाधते? तीच नजर कितीतरी भित्र्या बायकांवरही पडते, त्यांना काहीच कसे होत नाही?

तुम्ही म्हणाल, मुलीचे डोळे बांधून दुसऱ्याच कोणाला हात लावायला सांगायचे होते. अहो, तेही होऊन गेले होते! इंग्लंडमध्ये बरी सेंट एडमंड्स येथे १६६२ च्या खटल्यात मुलीचे डोळे झाकले आणि भलत्याच व्यक्तीने तिला स्पर्श केला. परिणाम अगदी तोच झाला. तेव्हा एका मुलीच्या बापाने युक्तिवाद केला, की चेटकिणीनेच हात लावला असे वाटून ती फसली असेल. दोन्ही स्त्रिया फासावर गेल्या. त्या खटल्याचा छापील वृत्तान्त सेलमच्या न्यायाधीशांनी आधाराला घेतला होता.

मुलींनी अर्गट नावाची बुरशी लागलेले राय धान्य खाल्ले असावे, असा तर्क १९७६ मध्ये मांडला गेला. त्यावर लगेच आक्षेपही आले. आम्हा विज्ञानशिक्षकांना तो तर्क फार आवडतो. मला मात्र तो मुद्द्याला सोडून वाटतो. झटके कशानेही आलेले असोत, फाशीची शिक्षा बुरशीने सुनावली नाही.

ऑक्टोबरातच गव्हर्नरने ते न्यायालय मोडले. जानेवारी १६९३ मध्ये नवे न्यायालय बसले. मुख्य न्यायाधीश तोच, स्टॉटन. चेटकिणींवरचा लोकांचा विश्वासही तसाच होता. छायारूपाची साक्ष तेवढी आता चालेनाशी झाली. बहुतेक सगळे सुटले. तिघींना दोषी ठरवले गेले, पण त्यांची फाशी गव्हर्नरने थांबवली.