हमी कंपनीची, हवा कोकणची

टाळेबंदीच्या २०२० आणि २०२१ या वर्षांत मध्यमवर्गीय घरांत लॅपटॉप आला, तो चैन म्हणून नव्हे तर नाइलाजाने. मुलांचे वर्ग पडद्यावर भरू लागले आणि मुंबई-पुण्याला नोकरी करणारे अनेक तरुण रत्नागिरीच्या घरी बसून कचेरीचे काम करू लागले. त्या वेळी घेतलेली यंत्रे आता जुनी झाली आहेत. त्यांची हमी बहुधा एक ते तीन वर्षांची होती, ती संपली. बॅटरी तासभरही तग धरत नाही, पंखा घरघरतो आणि यंत्र सुरू होईपर्यंत चहा पिऊन होतो. दुरुस्ती करावी, क्षमता वाढवावी, की नवे घ्यावे, हा प्रश्न त्यामुळे अनेक घरांपुढे उभा आहे.

त्यातच मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित देखभाल थांबवली. घरगुती ग्राहकांना सुरक्षा सुधारणांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत देण्यात आली. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा वा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था लागते. टाळेबंदीत नवे घेतलेले बहुतेक लॅपटॉप या अटीत बसतात. २०१६-१७ चे, किंवा त्या घाईत वापरलेले म्हणून घेतलेले, बसत नाहीत. म्हणजे कळफलक, पडदा, मदरबोर्ड सारे धडधाकट असताना केवळ प्रणालीच्या अटीमुळे यंत्र निकालात निघते. अशा यंत्रावर लिनक्स चालते, मराठी टंकलेखनही होते. मात्र कचेरीचे एखादे विशिष्ट सॉफ्टवेअर अडले, तर तो मार्ग खुंटतो.

ज्यांचे यंत्र अटीत बसते, त्यांनी आधी आत हार्ड डिस्क आहे की एसएसडी, हे पाहावे. फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, तर यंत्राचा वेग जितका वाढतो, तितका अन्य कोणत्याही खर्चाने वाढत नाही. रॅमची गोष्ट निराळी. पातळ, हलक्या लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डवरच डाखलेली असते; ती वाढवता येत नाही, आणि विकत घेताना हे कोणी सांगत नाही. शिवाय कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने २०२५च्या उत्तरार्धापासून मेमरी महागली. टचपॅड वर उचलला गेलेला दिसला तर बॅटरी फुगल्याची शक्यता धरावी आणि वापर तत्काळ थांबवावा. तेथे काटकसर नको. पडदा काळा पडला, तर लॅपटॉप दूरचित्रवाणी संचाला जोडून पाहावा; तेथे चित्र उमटले, तर बिघाड पडद्यात किंवा त्याच्या केबलीत असण्याचा संभव अधिक, मदरबोर्डात कमी. एवढ्या एका निदानाने खर्चाचा अंदाज पार बदलतो.

हमी शिल्लक असलेल्यांचीही वाट सरळ नाही. हमीपत्रांत बहुधा द्रवपदार्थाने झालेली हानी, गंज आणि नैसर्गिक आपत्ती वगळलेल्या असतात. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या आणि समुद्राची खारी हवा घरात खेळणाऱ्या रत्नागिरीत ही वगळणूक नेमकी वर्मी लागते. चार महिन्यांच्या दमटपणात पोर्टवर आणि बोर्डवर गंज चढू शकतो. ग्राहकाने पाणी सांडलेले नसते, पण बोर्डवरचा हिरवट थर पाहून दावा नाकारला जाऊ शकतो. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले. अशा पुरात भिजलेल्या यंत्रांना नेहमीची हमी उपयोगी नसते. संरक्षण असलेच, तर ते विम्याचे किंवा वेगळे पैसे मोजून घेतलेल्या अपघाती हानी योजनेचे.

दुसरी अडचण अंतराची. घरी येऊन दुरुस्तीची हमी आणि यंत्र केंद्रात नेऊन देण्याची हमी यांतला फरक मुंबईकराला फारसा जाणवत नाही. ज्या कंपनीचे अधिकृत केंद्र जवळ नाही, तिच्या ग्राहकाला आंबा घाट चढून सुमारे १३० किलोमीटरवरचे कोल्हापूर गाठावे लागते किंवा यंत्र कुरिअरने पाठवावे लागते. यंत्र हातावेगळे करण्यापूर्वी माहितीची प्रत काढावी, बिटलॉकरची पुनर्प्राप्ती किल्ली नोंदवून ठेवावी, कारण मदरबोर्ड बदलल्यावर तीच मागितली जाते. यंत्राची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि जॉबशीटवर तक्रार नेमक्या शब्दांत लिहून घ्यावी. दावा नाकारला, तर कारण लेखी मागावे. तोंडी नकाराला पुढे किंमत नसते.

येथे कायदा ग्राहकाच्या बाजूने बराच उभा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार ग्राहक जेथे राहतो वा काम करतो, तेथील जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कंपनी बेंगळुरूची असली तरी रत्नागिरीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची आहे. दोष तपासणीखेरीज ठरत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, आणि ‘ओलावा की निर्मितीदोष’ या वादात हीच तरतूद निर्णायक ठरते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणे सोपे. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागल्यास पाच महिन्यांत देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. पण ज्याचे रोजचे काम त्या यंत्रावर चालते, त्याला पाच महिने कोण देणार?

हमी संपल्यावर तर कायद्याचा हात आणखी आखडतो. तेव्हा आधार असतो तो गावातल्या तंत्रज्ञाचा, आणि त्याच्याकडे मूळ सुटे भाग नसतात, बोर्डाचे आराखडे नसतात. केंद्राने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, २४ डिसेंबर २०२२ रोजी संकेतस्थळही सुरू केले. समितीने निवडलेली क्षेत्रे होती शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू आणि वाहने. लॅपटॉपचे स्वतंत्र नाव त्यात नव्हते. मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीयोग्यता निर्देशांकावरील अहवाल मे २०२५ मध्ये सादर झाला. त्यात कंपन्यांनी स्वतःच गुण जाहीर करावेत, अशी शिफारस आहे. फ्रान्सने मात्र जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दहापैकी गुण छापणे सक्तीचे केले.

आपल्याकडे याला पूर्वाधार नाही, असे नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने खुल्या बाजारात सुटे भाग न देणाऱ्या १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. मोटारीच्या गॅरेजवाल्यासाठी मांडलेला तो युक्तिवाद लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्यालाही जसाच्या तसा लागू पडतो. त्याला सुटे भाग आणि आराखडे द्यायला कंपन्यांना भाग पाडणारा कायदा झाला, तर आंबा घाटाच्या खेपा वाचतील.