रक्त धुता येईल, गेलेली वेळ नाही

मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. आमच्या शिरपुरात सोयाबीनची सोंगणी जोरात होती. शेजारच्या वहिनींना तीन दिवसांपासून लघवीला जळजळ, कमरेत कळ आणि थंडी वाजून ताप. मी म्हटलं, "वहिनी, दवाखान्यात चला." तर म्हणाल्या, "काई नाई होत वं ताई. मजूर सांगितले हायेत, सोंगणी झाली की जाईन." मेडिकलमधून तापाची गोळी आणली आणि शेतात गेल्या.

चौथ्या दिवशी पहाटे त्यांचा मुलगा धावत आला. "काकू, आई काहीबाही बोलून राहिली." जाऊन पाहते तर हातपाय थंडगार, धाप लागलेली आणि मला ओळखेचनात.

वाशिमला नेलं, तिथून अकोल्याला. एका खासगी दवाखान्यात आयसीयूत ठेवलं. डॉक्टर म्हणाले, सेप्टिक शॉक आहे. मूतखडा अडकून किडनीत पू झाला होता. लगेच सलाईन आणि अँटिबायोटिक सुरू केलं, संध्याकाळी नळी टाकून पू काढला. रात्री मुलाला बोलावून सांगितलं, "रक्त शुद्ध करणारा फिल्टर लावून बघता येईल. एकाचे लाखाच्या वर लागतील. अर्ध्या तासात सांगा." पोरगा काय सांगणार? समोर आई. त्याने सही केली. व्यापाऱ्याकडून उचल घेतली, बायकोची पोत गहाण ठेवली. वहिनी वाचल्या, बारा दिवसांनी घरी आल्या.

तेव्हापासून गावात एकच बोलणं, "मशीनने रक्त धुतलं म्हणून वाचली." आमच्या बचत गटाच्या बैठकीत एकीने विचारलं, "ताई, ते मशीन आपल्या वाशिमले कधी येईन?" त्या प्रश्नाने मला झोप लागली नाही. ओळखीच्या डॉक्टरांना विचारत, वाचत गेले. जे कळलं ते तुम्हालाही कळावं म्हणून हा लेख.

मैत्रिणींनो, रक्त शुद्ध करणं हे शब्द आपल्या ओळखीचे आहेत. पाडव्याला कडुनिंब खातो तेही त्यासाठीच म्हणतो. पण इथे गोष्ट वेगळी आहे. शरीरात कुठेतरी जंतुसंसर्ग होतो. लघवीत, फुप्फुसात, बाळंतिणीच्या गर्भाशयात, नाहीतर पायाला रुतलेल्या काट्याच्या जखमेत. त्याच्याशी लढताना शरीराची प्रतिकारशक्तीच बेभान होते आणि आपल्याच अवयवांना इजा करू लागते. याला सेप्सिस म्हणतात. रक्तदाब इतका खाली जातो की सलाईन देऊनही सावरत नाही, औषधांनी टिकवून धरावा लागतो, तेव्हा तो सेप्टिक शॉक. २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि त्यात १ कोटी १० लाख दगावले, असा अंदाज 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२० साली प्रसिद्ध झाला.

आता ते मशीन. डायलिसिससारखंच रक्त नळीतून बाहेर काढतात, एका नळकांड्यातून फिरवतात आणि परत शरीरात सोडतात. एका प्रकारात पॉलिमिक्सिन बी नावाचं अँटिबायोटिक धाग्यांवर बसवलेलं असतं, ते जंतूंचं विष धरून ठेवतं. जपानमध्ये हे १९९४ पासून वापरतात. दुसऱ्या प्रकारात बारीक सच्छिद्र मणी असतात, ते शरीराने सोडलेले दाहक पदार्थ शोषून घेतात. ऐकायला किती सरळ वाटतं! विष आहे ना, मग गाळून काढा.

पण शरीर म्हणजे चहाचं भांडं नाही. २००९ साली इटलीतल्या ६४ रुग्णांच्या अभ्यासात पहिल्या प्रकाराचा फायदा दिसला, आणि सगळ्यांच्या आशा वाढल्या. मग मोठे अभ्यास झाले. फ्रान्समधल्या २०१५ च्या अभ्यासात फायदा दिसला नाही. अमेरिका आणि कॅनडात ४५० रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचा निकाल २०१८ साली आला. २८ दिवसांत दगावलेले रुग्ण फिल्टर लावलेल्यांत ३७.७ टक्के, न लावलेल्यांत ३४.५ टक्के. म्हणजे फिल्टरने जीव वाचल्याचं काही दिसलं नाही. सेप्सिसवरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत पॉलिमिक्सिनचा फिल्टर वापरू नये असंच सुचवलं, आणि बाकीच्या फिल्टरबद्दल हो किंवा नाही म्हणायला पुरेसा पुरावा नाही असं सांगितलं. शिवाय काही फिल्टर विषाबरोबर चालू असलेलं अँटिबायोटिकही काही प्रमाणात ओढून घेतात. विशिष्ट रुग्णांना उपयोग होईल का, याचा शोध अजून थांबलेला नाही. तो व्हावाच.

मग वहिनी कशाने वाचल्या? एका माणसावरून ते कुणालाच सांगता येत नाही. पू काढला, अँटिबायोटिक दिलं, सलाईन दिलं आणि फिल्टरही लावला. चार जणांनी मिळून गाडी ढकलली आणि नाव झालं सगळ्यात महागड्याचं! म्हणून तर शेकडो रुग्णांचे दोन गट करून पाहावं लागतं.

एक मात्र नीट लक्षात घ्या. किडनी बंद पडल्यावर करतात ते डायलिसिस वेगळं. ती सिद्ध झालेली, गरजेची गोष्ट आहे, त्याला नाही म्हणू नका. आणि फिल्टर सुचवणारा प्रत्येक डॉक्टर लुबाडायलाच बसलाय असंही माझं म्हणणं नाही. हातातून रुग्ण निसटताना तोही धडपडत असतो. पण घरच्यांनी चार प्रश्न विचारावेत. संसर्ग नेमका कुठे आहे? पू किंवा अडथळा काढला का? अँटिबायोटिक कधी सुरू झालं? फिल्टर नाही लावला तर बाकीचे उपचार पूर्ण चालू राहतील ना? हे विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही.

खरा हिशोब वेळेचा आहे. कॅनडातल्या डॉ. आनंद कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेप्टिक शॉकच्या दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून २००६ साली दाखवलं, की रक्तदाब कोसळल्यावर पहिल्या सहा तासांत योग्य अँटिबायोटिकला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिरागणिक वाचण्याचं प्रमाण सरासरी साडेसात टक्क्यांनी घटतं. तासाचा हा हिशोब, आणि आपण सोंगणी संपण्याची वाट पाहतो!

बायकांची ही सवय जुनी आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या, ते १९८९ साली प्रसिद्ध झालं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते, पण त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. अंगावर काढणं याला आपण सोशिकपणा म्हणतो आणि त्याचं कौतुकही करतो.

त्याच गडचिरोलीने दुसरी वाटही दाखवली. तिथे नवजात बाळं सेप्सिसने दगावत. बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना शिकवलं. बाळ दूध ओढत नाही, अंग गार पडलंय, रडणं क्षीण झालंय, ही लक्षणं ओळखायची आणि आईवडिलांच्या संमतीने घरीच अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायचं. सेप्सिस झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं. १९९९ साली 'लान्सेट'ने ते छापलं. लाखाचं मशीन नव्हतं. गावातल्या, जेमतेम शिकलेल्या बायका होत्या आणि त्या वेळेवर पोचत होत्या. आज आपल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी भेटी देतात, त्याचं मूळ या कामात आहे. म्हणून ती दारात आली की "सगळं बरं आहे" म्हणून वाटेला लावू नका.

तेव्हा मैत्रिणींनो, ताप किंवा जखम असताना माणूस असंबद्ध बोलू लागला, धाप लागली, लघवी कमी झाली, हातपाय गार पडून कातडीवर डाग दिसू लागले, तर उद्याची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. डॉक्टरांना सरळ विचारा, "हा सेप्सिस तर नाही ना?" बाळंतपणानंतर ताप आणि वास येणारा स्राव असेल तर तो वारा लागल्याचा ताप नसतो. मधुमेह असलेल्यांनी पायाची जखम रोज पाहावी. आणि मेडिकलमधून अर्धवट अँटिबायोटिक आणू नका, त्याने जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

वाशिमला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं, आनंद आहे. तिथे फिल्टर यावा की नाही ते तज्ज्ञ ठरवतील. आपण मागणी करायची ती चोवीस तास चालणाऱ्या प्रयोगशाळेची, आयसीयूतल्या खाटांची, वेळेवर येणाऱ्या गाडीची.

आणि घरातही एक प्रश्न विचारायला हवा. शेवटच्या रात्री आईसाठी लाख रुपये उभे करणाऱ्या घराला, पहिल्या दिवशी तिच्या तपासणीसाठी दोनशे रुपये आणि अर्ध्या दिवसाची मजुरी का जड जाते? पोराचं प्रेम खोटं नव्हतं. फक्त ते चार दिवस उशिरा जागं झालं. वहिनींनीही स्वतःला तेवढं मोल दिलं नव्हतं.

आमच्या गटाने आता ठराव केलाय. कुठल्याही बाईला ताप आला तर गटातून पाचशे रुपये त्याच दिवशी, बैठकीची वाट न पाहता. ठराव मांडला वहिनींनीच. अजून थोडी धाप लागते त्यांना. म्हणाल्या, "सोंगणी कोनीबी करते वं, पन आपल्या घरात आपन एकच असतो."