विहिरीतला पोहणारा पुण्याच्या तलावावर

विहिरीत पोहणारे पोर पुण्याला शिकायला निघाले की चार इंग्रजी शब्द शिकवून धाडा. तरण तलावावर ‘डीप’ म्हणजे खोल, ‘शॅलो’ म्हणजे उथळ. भरल्या विहिरीत कुठूनही उडी टाका, खाली परसभर पाणी असते. तलावाची उथळ बाजू मात्र कमरेएवढीच. तिथे सूर मारला तर डोके फरशीवर आपटून मान मोडू शकते. म्हणून ‘नो डायव्हिंग’, म्हणजे सूर मारू नये, ही पाटी आधी शोधावी. ‘लाइफगार्ड’ म्हणजे जीवरक्षक. ‘फ्रीस्टाइल’ म्हणजे हवा तसा हात मारा. सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ च्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइललाच सुवर्णपदक मिळवले. आणि हो, खोली मीटरात लिहितात: १ मीटर म्हणजे सव्वातीन फूट.