पाहिलेला बोलपट आणि सांगितलेला बोलपट

गेल्या पालकसभेत एक प्रश्न निघाला आणि वेळेअभावी तो तसाच राहून गेला. "मुलांना चित्रपट दाखवावा की दाखवू नये, आणि दाखवावयाचा झाल्यास कोणत्या वयापासून?" असे एका माउलीने विचारले होते. सभागृहात हशा पिकला. हसणाऱ्यांचे म्हणणे असे की, हा प्रश्न आता विचारण्याजोगा उरलाच कोठे आहे? दात येण्याच्या आत मूल मोबाइलच्या काचेवर बोट फिरवू लागते. समोर हलती चित्रे नसतील तर घासाला तोंड उघडीत नाही. त्याने पहिला चित्रपट केव्हा पाहिला, हे त्यालाही सांगता यावयाचे नाही व त्याच्या आईबापांनाही नाही. मीही त्या हशात सामील झालो, हे कबूल केले पाहिजे. परंतु घरी परतताना त्या बाईंचा प्रश्न माझ्या मनातून जाईना. या शाळेचा एक जुना विद्यार्थी म्हणून संपादकांनी मला चार पाने देऊ केली आहेत. ती त्या प्रश्नाच्या उत्तराकडेच लावावी असे ठरविले.

मला माझा पहिला बोलपट आठवतो. साल १९६७. मी तिसरीत होतो. पेरण्या उरकल्या होत्या आणि आषाढी एकादशीच्या आठवड्यात तालुक्याच्या गावी 'संत तुकाराम' लागल्याची वार्ता आमच्या वाडीत आली. प्रभात फिल्म कंपनीने हा बोलपट १९३६ साली काढला. म्हणजे आम्ही पाहिला तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता, आणि तरीही आमच्या मुलखात तो नवाच होता. आजी म्हणाली, "पंढरीला जाणं होत नाही, निदान तुकोबाला तरी पाहून येऊ." आजीचा शब्द वडिलांनी कधी मोडला नव्हता. बैलगाडी जुंपली. आजी, वडील, माझा थोरला भाऊ (त्यास आम्ही दादा म्हणत असू, तो तेव्हा बारा वर्षांचा होता) आणि मी असे निघालो.

थिएटर म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. पुढे जमिनीवर बसावयाचे, मागे बाके, अगदी मागे खुर्च्या. स्त्रियांची जागा एका अंगास निराळी. तिकिटे काढताना लक्षात आले की, बैलांपाशी कोणीतरी थांबावयास हवे. त्यातला एक बैल नवा होता, बुजरा होता, आणि बाजूला बँडच्या आवाजात जाहिरातीची हातगाडी फिरत होती. वडिलांनी दादाकडे पाहिले. दादा काही बोलला नाही. त्याने गाडी शेडच्या भिंतीलगत, जेथे पत्रा थोडा उचकटला होता तेथे उभी केली आणि बैलांपुढे वैरण टाकली.

आत मी आजीच्या मांडीजवळ बसलो होतो. दिवे गेले तेव्हा मी घाबरलो, हे सांगावयास आज लाज वाटत नाही. पडद्याकडे पाहण्याऐवजी मी प्रथम मागेच पाहिले. कारण मागच्या भिंतीतल्या एका चौकोनी भोकातून प्रकाशाचा झोत निघत होता आणि विड्यांचा धूर त्यात नदीच्या पाण्यासारखा वाहत होता. आजीने माझी हनुवटी धरून तोंड पुढे वळविले. पडद्यावर तुकोबा दिसताच तिने जमिनीस हात लावून तो कपाळी नेला. तिच्या शेजारच्या चारपाच जणींनीही तसेच केले. रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून नावारूपास आलेले विष्णुपंत पागनीस हे आपल्यासमोर आहेत, अशी शंकासुद्धा त्या बायकांना शिवली नसेल. दामले आणि फत्तेलाल या दिग्दर्शकद्वयीचा हा बोलपट १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला, ही गोष्ट मला पुढे कितीतरी वर्षांनी कळली. आजीला ती कधीच कळली नाही आणि तिचे त्यावाचून काही अडलेही नाही.

मधेच एकदा रीळ तुटले. शिट्ट्या सुरू झाल्या, दिवे लागले, आणि मला वाटले की तुकोबांवरच काही संकट कोसळले. वह्या इंद्रायणीत बुडविल्या तेव्हा मी रडलो. जिजाईने आजारी मुलापायी चिडून पायातली वहाण हाती घेतली आणि ती थेट विठोबाच्या देवळात शिरली, तेव्हा आजी आधी "अगं, अगं!" म्हणाली आणि मग पदर तोंडास लावून खुदकन हसली. शेवटी वैकुंठाहून गरुड आला, तुकोबांना घेऊन आकाशात उडाला, आणि जिजाई मात्र पोरांच्या संसारात खालीच राहिली. गरुडाने पंख हलविले त्या क्षणी माझ्या तोंडावर वारा आला. अजूनही मी शपथेवर सांगेन की आला.

परतताना रात्र झाली होती. वडील गाडीत आडवे झाले. दादा गाडी हाकीत होता. गावाबाहेर आल्यावर तो मागे न पाहता एवढेच म्हणाला, "सांग."

मी सांगू लागलो आणि मला एक विलक्षण गोष्ट समजली. दादाने बोलपट ऐकला होता! उचकटलेल्या पत्र्यातून त्याला प्रत्येक शब्द आला होता. मी डोळे फाडून पाहण्याच्या नादात अर्धे संवाद ऐकलेच नव्हते, आणि ऐकलेले पुष्कळसे मला कळलेही नव्हते. ते तो मला सांगे. कोण कसे दिसत होते ते मी त्यास सांगे. जिजाईचा पहिला आवाज ऐकून पलीकडच्या घरात खरेच भांडण जुंपले आहे असे त्यास वाटले होते. गाणी तर त्याला निम्मीअर्धी पाठच झाली होती. त्यांतले एक गाणे आजीही गाडीत गुणगुणू लागली, तुकोबांचाच अभंग म्हणून. वस्तुतः ते शांताराम आठवले यांनी बोलपटासाठी रचिलेले होते. पण त्या गाण्याने मोठमोठ्यांना चकविले आहे, तेथे आजीची काय कथा! वाडी येईपर्यंत दोन कोसांच्या वाटेवर आम्ही दोघांनी मिळून तो बोलपट पुन्हा उभा केला. मी एकट्याने पाहिला होता तो अर्धा होता.

या अनुभवावरून माझे जे मत झाले आहे, ते असे की, मुलाने चित्रपट पाहिला, एवढ्याने काम संपत नाही. तो त्याने कोणास तरी सांगितला पाहिजे. आणि सांगण्यासाठी कोणीतरी असे पाहिजे की ज्याने तो पाहिलेला नाही, परंतु ज्याला तो ऐकण्याची मनापासून ओढ आहे.

आपल्या देशाच्या चित्रपटाचा उगमच मुळी अशा एका सांगण्यात आहे. दादासाहेब फाळके १९११ च्या सुमारास आपल्या थोरल्या मुलाला, भालचंद्राला, घेऊन गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेले. पडद्यावर जिवंत जनावरे फिरताना पाहून आलेल्या त्या मुलाने घरी येऊन आईस सर्व हकीकत सांगितली. आईचा विश्वास बसेना. तेव्हा फाळके सगळ्या कुटुंबास घेऊन पुन्हा गेले. ईस्टरचे दिवस असल्याने त्या खेळात येशू ख्रिस्ताच्या जीवनाचा मूकपट होता. तो पाहत असता त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले, आणि आपल्या कथा आपल्या माणसांनी अशा का दाखवू नयेत, या विचाराने त्यांस झपाटले. पुढील इतिहास आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते १९१२ साली इंग्लंडला गेले, यंत्रे घेऊन आले, वाटाण्याचे रोप हळूहळू वाढताना टिपून त्याचे चित्र त्यांनी लोकांस दाखविले, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्याच कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' झळकला. या उद्योगात सरस्वतीबाईंनी काय केले नाही? फिल्मला भोके पाडणे, ती धुणे, आणि काम करणाऱ्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाक. ज्या बाईंचा मुलाच्या सांगण्यावर विश्वास बसला नव्हता, त्याच या बाई. भालचंद्राने घरी येऊन तोंड मिटले असते तर काय झाले असते, याचा विचार मी पुष्कळदा करतो.

सांगण्यात एवढे काय आहे, असे कोणी विचारील. रिळांच्या जुन्या यंत्राची एक गंमत मला विज्ञानाच्या एका शिक्षकांनी सांगितली होती. बोलपटात सेकंदाला चोवीस स्थिर चित्रे पडद्यावर येत. एक चित्र सरकून दुसरे येईपर्यंत एक झडप प्रकाश अडवून धरी. म्हणजे पडदा जवळजवळ निम्मा वेळ काळोखातच असे! आपल्याला तो काळोख दिसत नसे. दोन चित्रांमधली हालचाल पाहणाराच आपल्या मनाने पुरी करून घेई. मुलाच्या सांगण्याचेही तसेच आहे. सांगताना मधल्या फटी उघड्या पडतात आणि त्या त्याला स्वतःच्या शब्दांनी, क्वचित स्वतःच्या कल्पनेनेही भरून काढाव्या लागतात. हे काम त्याच्याऐवजी दुसरे कोणी करू शकत नाही.

आता मोबाइलवरच्या मुलाचे पाहा. त्याच्यापुढे एक चित्र संपण्याच्या आत दुसरे सुरू होते. सांगावयास सवड कोठे? आणि सांगावयाचे कोणाला? आई तिच्या काचेत पाहत असते, बाप त्याच्या. घरातील चार माणसांनी चार निरनिराळी चित्रे पाहिलेली असतात, आणि जेवणाच्या वेळी बोलावयास काही नसते. आमच्या लहानपणी सिनेमाने मुले बिघडतात अशी ओरड होती; आमच्या एका गुरुजींनी तर थिएटरच्या दारात दिसलेल्या मुलाचे नाव दुसऱ्या दिवशी वर्गात घेण्याचा परिपाठ ठेवला होता. तो कडकपणा मला तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही. पण गुरुजी निदान एवढे मानीत की, चित्रपट ही काही तरी मोठी वस्तू आहे, तिच्यात माणूस बदलण्याचे सामर्थ्य आहे. आज ती घास भरविण्याची चमचीच होऊन बसली आहे. मला हा अपमान गुरुजींच्या छडीहून अधिक वाटतो.

जुनी थिएटरे म्हणजे स्वर्ग होता असे मात्र कोणी समजू नये. ढेकूण होते, धूर होता, आणि गर्दीत बायकांना जो त्रास होई त्याची आठवण आजीच्या पिढीने कधी बोलून दाखविली नाही एवढेच. मी पाहिलेली ती शेड पुढे पाडली गेली. तेथे आता गाळे आहेत. तिच्यासाठी मला रडावयाचे नाही. शहरातील आजची बहुपडदा चित्रपटगृहे स्वच्छ आहेत, परंतु पाच माणसांचे कुटुंब तेथे न्यावयाचे म्हणजे पुष्कळ घरांत महिन्याचा हिशेब कोलमडतो. म्हणून "थिएटरातच न्या" असा हट्ट मी धरणार नाही. शाळेच्या सभागृहात पांढरी भिंत आहे आणि प्रक्षेपकही आहे. वर्षातून चारदा, अंधार करून, मोठ्या पडद्यावर, सर्वांनी मिळून एक चित्रपट पाहावा. मोबाइल दाराशी टोपलीत ठेवावे, पालकांनीसुद्धा. पाचवीच्या खालच्या मुलांना त्या दिवशी मुद्दाम घरी ठेवावे, म्हणजे मोठ्या भावंडांना सांगण्यासाठी श्रोता मिळेल. हे शेवटचे सुचविले तेव्हा एक शिक्षिका माझ्यावर रागावल्या. "धाकट्यांवर हा अन्याय नाही का?" असे त्या म्हणाल्या. आहे खरा. तो किती मोठा असतो हे मला ठाऊक आहे, कारण त्या रात्री गाडीवर बसलेल्या मुलाचा तो मी कधीच फेडू शकलो नाही. तरीही मी हे सुचवितो. मात्र पुढच्या वर्षी त्याच धाकट्यांना सर्वांत पुढच्या रांगेत बसवावे, ही अट घालून.

त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर मी असे देईन: बाई, मुलगा आपल्याला आठ वाक्ये सलग सांगू शकेल त्या वयापासून दाखवा. आणि दाखवून झाल्यावर आपले काम बाजूस ठेवून त्यास म्हणा, "सांग."

दादाने 'संत तुकाराम' डोळ्यांनी पाहिला तो फार उशिरा, माझ्या घरी दूरदर्शन संच आल्यावर. त्याचे तेव्हा केस पिकू लागले होते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून त्याच्या तोंडाकडेच पाहत होतो. जिजाईचा आवाज येताच तो हसला. संवाद तर तो नटांच्या आधी म्हणत होता. शेवटी गरुड आला, पंख हलले, तुकोबा गेले. दादा काही वेळ तसाच बसून राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाळू, सगळं तू सांगितलं होतंस तसंच आहे रे. पण वारा कुठं गेला?"