बोटाला शाई न लागलेली निवडणूक

ओझरवरून मुंबई-आग्रा रस्त्याने जाताना डोक्यावर लढाऊ विमान घरघरलं, की मला 1963 ची नाशिकची पोटनिवडणूक आठवते. चीनने ऑक्टोबर 1962 मध्ये हल्ला केला आणि महिनाभरात यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. लोकसभेवर जायला जागा हवी होती, ती नाशिकने दिली, तीही बिनविरोध. हे किती अवघड होतं, ते आज सांगूनही पटायचं नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात याच यशवंतरावांवर मराठी माणसाने मनापासून राग धरला होता. प्रतापगडावर निषेधाची काळी निशाणं निघाली होती. 1957 ला याच नाशिकने काँग्रेसला पाडून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांना निवडून दिलं होतं. जखम जेमतेम सहा वर्षांची, आणि तरी विरोधी पक्षांनी उमेदवार उभा केला नाही. ना मतपेट्या, ना रांगा, ना कुणाच्या बोटाला शाई. मला त्या न झालेल्या मतदानाचं मोल फार वाटतं. कुणी आपलं मत बदललं नव्हतं, पक्ष मोडला नव्हता. भांडण फक्त खुंटीला टांगून ठेवलं होतं. आज आपल्याकडे गल्लीतल्या पाण्याच्या टाकीवरूनही दोन गट एका बाकावर बसत नाहीत, म्हणून हे पोटतिडकीने लिहितो. त्या निवडणुकीच्या पुढच्याच वर्षी, 1964 ला, ओझरला मिग विमानांचा कारखाना आला, म्हणूनच तिथलं विमान घरघरलं की ती आठवते.