कुत्रा की कुत्री? पिल्लू घरी आणण्यापूर्वी

घरात कुत्रं आणायचा हट्ट मुलं धरतात, 'आणू या की' म्हणून होकार घरचे पुरुष देतात, आणि पुढची बारा-चौदा वर्षं त्या जिवाचं खाणंपिणं, फिरवणं, दुखणंखुपणं बहुतेक घरांत आपल्याच वाट्याला येतं. तेव्हा मैत्रिणींनो, पिल्लू निवडायच्या वेळी 'तुम्हीच बघा, मला काय कळतंय त्यातलं' असं म्हणून बाजूला होऊ नका. त्या वेळी आपण हजर हवं.

रंग, जात, कान उभे की पडके, यावर सगळेच बोलतात. चारचौघांत बोललं जात नाही ते निराळंच. घरी येणाऱ्या पिल्लाची नसबंदी बहुधा झालेली नसते. सहा-आठ महिन्यांत ते वयात येतं. मग पुढे काय, हा प्रश्न त्या वेळी एकदम समोर उभा राहतो आणि घरात धावपळ सुरू होते. पिल्लू निवडतानाच त्याचा विचार केला, तर पुष्कळ मनस्ताप वाचतो. आपलाही आणि त्या मुक्या जनावराचाही.

पिल्लू शोधायचं कुठे?

पहिली जागा म्हणजे ओळखीचं घर, जिथे कुत्री व्यायली आहे. दुसरी आपलीच गल्ली. आपल्या हवेला सरावलेली, काटक गावठी पिल्लं तिथे असतात आणि त्यांना घराची गरजही सर्वांत जास्त असते. तिसरी जागा प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्था. त्यांच्याकडून पिल्लू घेतलंत तर ठरावीक वयात नसबंदी करून घेईन, असं बहुधा लिहून द्यावं लागतं. त्यात रागावण्यासारखं काही नाही. त्यांनी टाकून दिलेली पिल्लं उचलून उचलून हात दुखवून घेतलेले असतात.

चौथी जागा पिल्लं विकणाऱ्यांची. इथे मात्र डोळे उघडे ठेवा. २०१७ साली केंद्र सरकारने कुत्र्यांची पैदास आणि विक्री यासंबंधी नियम केले. त्यानुसार पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तेव्हा नोंदणीचा कागद मागा. 'महिन्याचंच आहे, लहान आणलं की चांगली माया लागते' असं कुणी म्हणालं, तर सरळ उठून या. दोन महिन्यांपर्यंत पिल्लू आईच्या दुधावर तर वाढतंच, शिवाय भावंडांशी खेळताना दात किती लावायचा हेही तिथेच शिकतं. आधी उचललेलं पिल्लू पुढे तुमच्या मुलांच्या हातांवर ते शिकत बसतं.

जागा कोणतीही असो, एक गोष्ट सोडू नका. पिल्लाची आई बघा. ती दारात आलेल्या माणसाकडे कशी बघते, अंग चोरते की अंगावर येते, की भुंकून मग शेपटी हलवते? पिल्लाच्या पुढच्या स्वभावाचा अंदाज त्यावरून पुष्कळ येतो. 'आई गावाला आहे' अशी उत्तरं मिळू लागली, की समजा काहीतरी लपवलं जातंय.

कुत्रीला नाही म्हणण्यापूर्वी

कुठल्याही वेतातले कुत्रे आधी उचलले जातात आणि कुत्र्या मागे राहतात. 'मादी नको गं बाई, नस्ती कटकट' हे वाक्य आपणच किती सहज बोलतो! ते कुठे कुठे ऐकलेलं आहे, हे आपल्याला सांगायला नको. मागे राहिलेली ती कुत्री मग गल्लीत वाढते, वर्षाच्या आत गाभण राहते, आणि पुढच्या वर्षी तिच्या वेतातल्या कुत्र्या मागे राहतात.

तेव्हा ही कटकट नेमकी असते तरी केवढी, ते एकदा नीट समजून घेऊ या. कुत्री साधारण सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान पहिल्यांदा माजावर येते. मोठ्या जातींत याहूनही उशीर होतो. त्यानंतर बहुतेक कुत्र्या वर्षातून दोनदा येतात. हा काळ सुमारे तीन आठवड्यांचा. पहिले आठ-दहा दिवस थोडा रक्तस्राव होतो. तिच्या बसायच्या जागी जुन्या सुती साडीची घडी टाका, रोज धुवा. बाजारात तिच्यासाठी चड्डीही मिळते. हे एवढं काम आपल्याला जड नाही.

खरी काळजी त्यानंतरची. रक्त कमी झालं, फिकट झालं, की बायका म्हणतात, 'झालं बाई एकदाचं!' आणि दार उघडं राहतं. नेमक्या त्याच सुमारास ती कुत्र्याला जवळ येऊ देते. म्हणून पूर्ण तीन आठवडे तिला पट्ट्याशिवाय बाहेर काढायचं नाही, गच्चीवर किंवा अंगणात एकटी सोडायची नाही. सुरुवातीच्या दिवसाची खूण कालनिर्णयवर करून ठेवा. आपण दूधवाल्याचे खाडे लिहितो, तसंच हे.

ती खूण पुढेही उपयोगी पडते. माज संपल्यावर दीड-दोन महिन्यांनी काही कुत्र्यांना गाभण नसतानाही दूध येतं. चपला, मुलांची खेळणी कोपऱ्यात नेऊन त्या जपत बसतात. हे बहुधा आपोआप थांबतं. पण माजानंतरच्या त्याच एक-दोन महिन्यांत ती फार पाणी पिऊ लागली, खाणं सोडलं, पोट फुगलं किंवा मागून घाण स्राव दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गर्भाशयात पू होण्याचं हे लक्षण असू शकतं. नसबंदी न झालेल्या कुत्रीला हे दुखणं उतारवयात पुष्कळदा होतं आणि उशीर झाला तर ती दगावते. कधी कधी स्राव दिसतच नाही, म्हणून पाणी पिण्याकडे लक्ष ठेवा.

आणि कुत्रा घेतलात तर?

कुत्रा घेतला म्हणजे सुटलो, असं मुळीच नाही. कुत्रीचा त्रास वर्षातून दोनदा, कुत्र्याचा बारा महिने! वयात आला की पाय वर करून सोफ्याचा पाय, पडद्याची किनार, दाराची चौकट यांवर आपली सही करत सुटतो. गल्लीत कुठे कुत्री माजावर आली, की वासाने वेडा होतो, जेवत नाही, रात्रभर रडतो आणि फाटक जरा किलकिलं दिसलं की पळतो. मग गाडीखाली येणं, मारामारीत कान फाटून घेणं आलंच. मीलनातून पसरणारी एक गाठ आपल्याकडच्या भटक्या कुत्र्यांत बरीच आढळते. ती लागली तर डॉक्टरांकडे आठवड्या-आठवड्याला इंजेक्शनांच्या फेऱ्या घालाव्या लागतात.

शिवाय त्याने बाहेर केलेल्या पराक्रमाची पिल्लं आपल्या दारात येत नाहीत, म्हणून ती जन्मलीच नाहीत असं थोडंच आहे?

पिल्लू पारखताना

पिल्लं झोपेतून उठून, खाऊन खेळत असतील अशा वेळी जा. डोळे स्वच्छ, नाक वाहत नाही, हिरड्या गुलाबी, अंगावर खरजेचे चट्टे नाहीत, एवढं बघा. अंग किडकिडीत आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं असेल, तर बहुधा जंत आहेत. त्यावर औषध आहे, पण माहीत असलेलं बरं. बेंबीपाशी मऊ गोळा लागला, तर डॉक्टरांना दाखवा.

थोडं लांब बसून टाळी वाजवा. अंगावर उड्या मारत सगळ्यांना ढकलून येणारं पिल्लू दांडगट निघण्याचा संभव असतो, कोपऱ्यात दडून राहणारं भित्रं. लहान मुलांच्या घरी मधलं घ्यावं, जे दचकतं, थांबतं आणि मग वास घेत जवळ येतं. हळूच उताणं धरा. थोडी धडपड करून शांत झालं, तर उत्तम.

एक गोष्ट सांगायला संकोच वाटतो, पण सांगायलाच हवी. नराची दोन्ही वृषणं दोन महिन्यांच्या सुमारास खाली उतरलेली असतात. एकच हाताला लागलं, तर डॉक्टरांकडून तपासून घ्या. सहा महिन्यांपर्यंतही उतरलं नाही, तर ते पोटात राहिलं असं समजतात. पुढे त्यात गाठ होण्याचा धोका असतो आणि हा दोष पिल्लांत उतरतो. असा कुत्रा पाळायला काहीच हरकत नाही, पण त्याचं ऑपरेशन टाळायचं नाही आणि त्याच्यापासून पिल्लं घ्यायची नाहीत.

मोठं झालेलं कुत्रं घेणार असाल, तर आधी कान बघा. पालिकेतर्फे किंवा संस्थेतर्फे ज्यांची नसबंदी होते, त्या रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या कानाला खूण म्हणून छोटी खाच पाडलेली असते. घरच्या कुत्रीला तशी खाच नसते, आणि पोटावरचा व्रण केसांत दिसेनासा होतो. मालकाकडे डॉक्टरांचा कागद नसेल, तर नसबंदी झालेली नाही असंच धरून चाला.

'एकदा तरी विऊ द्यावी'

हे आपल्याकडे हमखास ऐकू येतं. एकदा पिल्लं झाली की कुत्रीची तब्येत सुधारते, म्हणे. याला वैद्यकात काही आधार नाही. उलट दुसऱ्या माजाच्या आत नसबंदी झाली, तर स्तनांच्या गाठींचा धोका पुष्कळ कमी होतो. नसबंदीनंतर कुत्रं राखण करत नाही, हीसुद्धा समजूतच. ते भुंकायचं तेवढं भुंकतंच. वजन मात्र वाढतं, तेव्हा खाणं थोडं कमी करावं.

मग सगळ्यांचीच नसबंदी लवकर उरकावी का? तसंही नाही. लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर अशा मोठ्या जातींत हाडांची वाढ पुरी होण्याआधी ऑपरेशन केलं, तर सांध्यांची दुखणी वाढतात असं अभ्यासात दिसून आलं आहे. म्हणून त्यांच्या बाबतीत डॉक्टर पुष्कळदा वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात. लहान जातींना आणि गावठी कुत्र्यांना साधारण सहा महिन्यांनंतर चालतं. कुत्री माजावर असताना शक्यतो करत नाहीत, दोन-तीन महिने जाऊ देतात. पहिल्या लशीला जाल तेव्हाच आपल्या पिल्लासाठी कोणतं वय योग्य, खर्च किती, हे विचारून घ्या आणि तो महिना लिहून ठेवा.

आणि नजर चुकवून कुत्री गेलीच, तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. गाभण राहिली तर ६३ दिवसांच्या आसपास व्यायते आणि पिल्लं चार-सहा, कधी आठही होतात. रात्री पोत्यात घालून मंडईमागे सोडलेली पिल्लं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. सोडणारे काही राक्षस नसतात. कुत्री आणताना याचा विचार न केलेली तुमच्या-माझ्यासारखीच माणसं असतात.

म्हणून पिल्लू आणण्याच्या आदल्या दिवशी रात्रीची जेवणं झाली, की घरातल्या सगळ्यांना बसवा आणि विचारा. माजाचे तीन आठवडे तिला पट्ट्याने कोण फिरवणार? फाटकाची कडी कोण बघणार? ऑपरेशन कधी करायचं, पैसे कुठून काढायचे, आणि नंतरचे दहा दिवस टाक्यांकडे लक्ष कोण देणार? प्रत्येक प्रश्नाला 'आई' हेच उत्तर आलं, तर पिल्लू चार दिवस पुढे ढकला. निरनिराळी नावं आली, तर खुशाल जाऊन घेऊन या. आणि वेतात एखादी चुणचुणीत कुत्री मागे राहिली असेल, तर तिला आधी उचलून बघा.